पावसाळ्यात स्नेक प्लांट जपताना

मूळ : पश्चिम आफ्रिका. २०१७पासून शास्त्रीय नाव ड्रासेना ट्रायफॅसिएटा, आधी सान्सेव्हिएरिया.

तग धरते कसे? : जाड पानांत आणि मातीखालच्या गड्ड्यांत पाणी साठते. पानांवरची रंध्रे मुख्यतः रात्री उघडतात, म्हणून दिवसाच्या उन्हात पाणी फारसे उडत नाही.

दोडामार्गात धोका ओलीचा : पावसाळ्यात घरातली हवाही दमट असते. कुंडी सुकत नाही आणि मुळे कुजतात.

पाणी : बोट खोल खुपसून पाहा. माती पूर्ण कोरडी लागली तरच घाला. पावसाळ्यात महिनाभर नाही दिले तरी चालते. पानांच्या बेचक्यात ओतू नका.

माती : नुसती तांबडी माती घट्ट बसते. तिच्यात निम्मी जाड वाळू किंवा विटांचे बारीक तुकडे मिसळा. कुंडीच्या तळाला भोक हवेच.

जागा : उजेडाची खिडकी, पण पागोळ्यांपासून लांब.

पान बुडाशी पिवळे, मऊ पडले तर : रोप उपटा, कुजका भाग कापा, दोन दिवस सावलीत सुकवून कोरड्या मातीत लावा.

नवे रोप : पानाच्या तुकड्यालाही मुळे फुटतात, मात्र पिवळी किनार टिकवायची तर गड्डाच वेगळा करून लावा.

सावधान : पानांत सॅपोनिन असते. मांजर-कुत्र्यांना चावू देऊ नका.