बायोडेटा लग्नाचा नको, नोकरीचा हवा! अर्ज करताना काय लिहायचं, काय गाळायचं?

कुणकेश्वर (ता. देवगड) : मे अखेर हापूसचा हंगाम आटोपतो. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी असते. पावसात किनाऱ्यावरचे पर्यटकही कमी होतात. बारावी, आयटीआय किंवा पदवी झालेली आपल्या गावांतली मुलं-मुली नेमकी याच दिवसांत नोकरी शोधायला लागतात. कोणी गोव्यातल्या हॉटेलात अर्ज करतो, कोणी कुडाळ एमआयडीसीत, कोणी मोपा विमानतळावर, तर कोणी मुंबईच्या मामाला व्हॉट्सअॅपवर बायोडेटा पाठवतो. अर्ज जातात, पण उत्तर येत नाही. मग घरात एकच वाक्य ऐकू येतं, "आमची वळख नाय, म्हणान नोकरी नाय."

ओळखीचा भाग असतो, नाही असं नाही. पण कित्येकदा अडचण अर्जातच असते, आणि ती दुरुस्त करणं आपल्या हातात आहे.

मामाचं काम आता कागद करतो

कोकणातला चाकरमानी मुंबईच्या गिरणीत लागायचा तेव्हा बायोडेटा कोणी मागत नसे. गाववाल्यांच्या खोलीवर उतरायचं, खात्यातल्या जॉबरला कोणीतरी सांगायचं, आधी बदली कामगार म्हणून उभं राहायचं आणि मग कायम व्हायचं. "पोरगो आमचो आसा, कामाक बरो आसा" एवढी हमी पुरायची. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला आणि त्यानंतर ती वाट हळूहळू बंद होत गेली.

आज निवड करणारा माणूस तुम्हाला ओळखत नाही. तुमचा गाव, तुमचं घर, तुमचे कष्ट त्याला माहीत नाहीत. पूर्वी मामा द्यायचा ती हमी आता एका पानाने द्यायची आहे. हे ध्यानात ठेवलं की काय लिहायचं ते आपोआप सुचतं.

हे गाळा

झेरॉक्सच्या दुकानात लग्नाचा आणि नोकरीचा बायोडेटा बहुधा एकाच साच्यातून निघतो. त्यामुळे नोकरीच्या कागदावरही उंची, वर्ण, रास, जात, वडिलांचा व्यवसाय आणि भावंडांची संख्या येते. खासगी नोकरीसाठी यातलं काहीच लागत नाही. आधार आणि पॅन क्रमांक तर मुळीच लिहू नका. तो कागद किती जणांच्या मोबाईलवर फिरेल याचा नेम नसतो. जाहिरातीत मागितला नसेल तर फोटोचीही गरज नाही.

"मेहनती, प्रामाणिक, जिद्दी" हे शब्द प्रत्येक अर्जात असतात, म्हणून त्यांनी काहीच कळत नाही. त्या जागी एखादं केलेलं काम लिहा.

हे लिहा

नवख्या उमेदवाराला एक पान पुरे. क्रम साधा ठेवा :

- नाव, गाव-तालुका, चालू असलेला मोबाईल नंबर, ईमेल. ईमेल स्वतःच्या नावाचा असावा, 'कोकणचा राजा' अशा थाटाचा नको.
- दोन ओळींत : कोणतं काम हवं आणि त्यासाठी तुमच्याकडे काय आहे.
- केलेलं काम, शेवटचं आधी.
- शिक्षण, शेवटचं आधी. वर्ष आणि टक्केवारी खरी.
- कौशल्यं : एमएस-सीआयटी, टायपिंग (मराठी ३० की इंग्रजी ४० ते स्पष्ट), वाहन परवाना.
- भाषा : कोणती बोलता येते, कोणती लिहिता येते.

"पण माका अनुभवच नाय!"

किनाऱ्यावरच्या पोरांची ही सगळ्यात मोठी चूक. ज्याला पगाराची पावती नाही ते काम आपण कामच धरत नाही. बारावीनंतरची दोन वर्षं 'घरीच होतो' म्हणून कोरी सोडतो, आणि वाचणाऱ्याला वाटतं, हा दोन वर्षं बसून होता. प्रत्यक्षात तो बागेत राबत होता. ते असं लिहिता येईल :

'घरची आंबा बाग, दोन हंगाम : वजनानुसार प्रतवारी, पेट्या भरणे, मुंबई-पुण्याच्या ग्राहकांच्या ऑर्डर फोनवर घेणे, पैशांचा हिशेब ठेवणे.'

घरगुती निवास चालवायला मदत केली असेल तर खोल्यांचं बुकिंग, पाहुण्यांशी बोलणं, ऑनलाईन पेमेंट तपासणं ही सगळी हॉटेलच्या कामाची तयारीच आहे. होडीवर खलाशी म्हणून गेला असाल तर इंजिनची देखभाल आणि पहाटेची शिस्त आली. महाशिवरात्रीच्या यात्रेत स्वयंसेवक होतात? मग गर्दी सांभाळायचा अनुभव आहे. किती दिवस, किती खोल्या, किती पेट्या, हा आकडा आठवत असेल तर जरूर टाका. मात्र तो खरा हवा. मुलाखतीत पहिला प्रश्न त्यावरच येतो. इंग्रजी मोडकं असताना 'उत्तम' लिहिलं, तर पहिल्या दोन मिनिटांत उघडं पडतं.

सोबतचं पत्र कशाला?

बायोडेटा सांगतो तुम्ही काय केलंत. पत्र सांगतं, याच जागेसाठी तुम्हीच का. इटलीच्या लिओनार्दो दा व्हिंचीने सुमारे १४८२ मध्ये मिलानचा सत्ताधीश लुडोविको स्फोर्झा याच्याकडे काम मागण्यासाठी लिहिलेलं पत्र प्रसिद्ध आहे. त्याने चित्रकलेचा उल्लेख अगदी शेवटी केला. आधी लिहिलं ते हलके पूल, तोफा आणि लढाईची यंत्रं यांबद्दल, कारण स्फोर्झाला तेव्हा त्यांची गरज होती. आपल्याला काय येतं यापेक्षा समोरच्याला काय हवं ते आधी, हीच पत्राची किल्ली.

पत्र तीन छोट्या परिच्छेदांत संपवा. नमुना :

'महोदय/महोदया,
आपल्या हॉटेलातील फ्रंट ऑफिस सहायक या पदाची जाहिरात मी पाहिली. त्या पदासाठी अर्ज करत आहे.
जाहिरातीत मराठी, हिंदी बोलणारा आणि संगणकाची माहिती असलेला उमेदवार हवा आहे. मी वाणिज्य पदवीधर असून एमएस-सीआयटी उत्तीर्ण आहे. दोन वर्षं आमच्या घरगुती निवासाचं बुकिंग आणि हिशेब मी पाहतो. इंग्रजी समजतं, बोलण्याचा सराव सुरू आहे.
१५ जूनपासून मी रुजू होऊ शकतो. राहण्याची सोय स्वतः करीन. मुलाखतीची संधी द्यावी, ही विनंती.'

यात विनवणी नाही, घरची गरिबी नाही, फुशारकीही नाही. कधी रुजू होणार आणि राहायचं कुठे, हे लांबून येणाऱ्या उमेदवाराबद्दल पडणारे प्रश्न आधीच सुटले आहेत. जाहिरात इंग्रजीत असेल तर पत्रही साध्या इंग्रजीत लिहा आणि एखाद्या शिक्षकाला दाखवून घ्या.

पाठवताना

एकच बायोडेटा पन्नास ठिकाणी ढकलू नका. प्रत्येक जाहिरातीतले महत्त्वाचे शब्द बघा आणि तुमच्याकडे ते खरंच असेल तर तेच शब्द वापरा. मोठ्या कंपन्यांत अर्ज आधी संगणकच चाळतो. रंगीत चौकटी आणि दोन रकान्यांची नक्षी त्याला नीट वाचता येत नाही. साधा मजकूर, पीडीएफ फाईल, आणि फाईलला 'न्यू बायोडेटा फायनल २' असं नाव न देता स्वतःचं नाव आणि पद. ईमेलच्या विषयाच्या जागेत पदाचं नाव लिहा. आपल्याकडे पावसात रेंज जाते, म्हणून दुसरा चालू नंबर द्या आणि त्या घरी सांगून ठेवा.

सरकारी भरतीची गोष्ट वेगळी. तिथे बहुधा ऑनलाईन अर्जच भरायचा असतो. नाव आणि जन्मतारीख दहावीच्या प्रमाणपत्राप्रमाणे हवी. अधिवास, जात, नॉन-क्रिमीलेअर असे लागू असलेले दाखले शेवटच्या दिवसाची वाट न बघता आधीच काढून ठेवा.

पैसे मागितले तर थांबा

बायोडेटा बाहेर गेला की फोनही येऊ लागतात. "तुमचं सिलेक्शन झालं, युनिफॉर्मचे पैसे भरा" असं कोणी म्हणालं, तर कंपनीच्या मूळ वेबसाईटवरचा नंबर काढून स्वतः फोन करा आणि तोपर्यंत एक रुपया देऊ नका. जहाजावरची नोकरी असेल तर एजन्सीकडे डीजी शिपिंगचा आरपीएसएल परवाना आहे का ते बघा. आखातात जायचं असेल तर एजंटची नोंद केंद्र सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर तपासा. ऑनलाईन फसवणूक झालीच तर लगेच १९३० वर कळवा.

अर्ज पाठवण्याआधी शेवटची एक परीक्षा : तो कागद तुम्हाला न ओळखणाऱ्या माणसाच्या हातात अर्धा मिनिट द्या आणि परत घ्या. मग विचारा, "मला काय काम येतं?" त्याला सांगता आलं तर पाठवा. नाही आलं, तर पुन्हा लिहा.