बहात्तर पट लहान मिग

२६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगड येथे भारतीय हवाई दलाने मिग-२१ या लढाऊ विमानाला निरोप दिला. १९६३ साली ही विमाने हवाई दलात प्रथम दाखल झाली तीही चंदीगडलाच. म्हणजे बासष्ट वर्षांची सेवा झाली. आपल्या महाराष्ट्राशी या विमानाचे नाते जवळचे आहे. नाशिक जिल्ह्यातील ओझर येथे १९६४ साली हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना उभा राहिला तो मिग बनविण्यासाठीच. एंजिने ओडिशातील कोरापुटला तयार होत, आणि विमान पुरे जुळून आकाशात झेपावे ते ओझरहून.

आता मिग आकाशात दिसणार नाही. तेव्हा विद्यार्थी मित्रांनो, आपण ते टेबलावर उभे करू या. बाजारात मिळणारे प्लॅस्टिकचे सुटे भाग चिकटवूनही प्रतिकृती होते आणि ती चांगली दिसते. पण पुठ्ठा, लाकूड, कागद आणि थोडे गणित वापरून केलेल्या प्रतिकृतीत पदार्थविज्ञानाची जी गंमत हाती लागते, ती तयार पेटीत मिळत नाही.

पहिला प्रश्न प्रमाणाचा. विमानांच्या प्रतिकृती बहुधा एकास बहात्तर या प्रमाणात करतात. हा विचित्र आकडा कोठून आला? सहा फूट म्हणजे बहात्तर इंच. सहा फुटी माणूस एक इंचाचा केला की हे प्रमाण झाले. फूट-इंचांच्या देशांत ते रुळले आणि मग जगभर चालू राहिले. १९४२ साली, दुसरे महायुद्ध चालू असताना, अमेरिकेच्या नौदलाने आपल्या देशातील शाळकरी मुलांना याच प्रमाणाची पाच लाख लाकडी विमाने करून मागितली होती. शत्रूचे विमान कोणते व आपले कोणते हे सैनिकांना बाह्याकृतीवरून ओळखता यावे, यासाठी ती काळ्या रंगाने रंगवीत. कल्पना अशी, की हे विमान ३५ फुटांवरून पाहिले तर खरे विमान ३५ × ७२ म्हणजे २,५२० फुटांवरून, सुमारे अर्ध्या मैलावरून, दिसेल तेवढेच दिसते. वस्तू बहात्तर पट लहान आणि अंतरही बहात्तर पट कमी, म्हणजे डोळ्याशी होणारा कोन तोच राहिला.

अजिंठ्याला आलात तर हे पडताळून पाहता येईल. वाघोरा नदीच्या पलीकडील टेकडीवरून लेण्यांकडे पाहा. १८१९ साली जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याच्या नजरेस लेणे पडले ते अशाच पलीकडच्या कड्यावरून, असे सांगतात. लेण्यांपुढील वाटेवरचा माणूस तिथून केवढा दिसतो? समजा अंतर ३०० मीटर आहे. मग २४ मिलिमीटर उंचीची बाहुली सव्वाचार मीटरवर ठेवली तर ती तेवढीच दिसेल. लेण्याचा आणखी एक उपयोग करू. २६ क्रमांकाच्या लेण्यात पहुडलेल्या बुद्धाची महापरिनिर्वाण मूर्ती आहे. तिची लांबी सुमारे सात मीटर. मिगचा पंखविस्तार, म्हणजे एका पंखाच्या टोकापासून दुसऱ्याच्या टोकापर्यंतचे अंतर, ७.१५४ मीटर, जवळजवळ त्या मूर्तीएवढेच. ध्वनीच्या दुपटीहून अधिक वेग गाठू शकणारे हे विमान किती आखूड पंखांचे होते, हे त्या मूर्तीसमोर उभे राहिले की चटकन पटते.

आता पंखांचे चित्र काढू. त्यासाठी तीनच आकडे पुरतात: पंखविस्तार ७.१५४ मीटर, पंखांचे क्षेत्रफळ २३ चौरस मीटर, आणि पंखाची पुढची कड ५७ अंशांनी मागे कललेली. मागची कड सरळ, धडाला काटकोनात आहे. दोन्ही पंख मिळून एक त्रिकोण होतो असे धरा. त्याचा अर्धा पाया ३.५७७ मीटर. ५७ अंशांचा स्पर्शक १.५४. म्हणून त्रिकोणाची उंची ५.५१ मीटर आणि क्षेत्रफळ १९.७ चौरस मीटर.

पण दिलेले क्षेत्रफळ २३ आहे! उरलेले ३.३ चौरस मीटर गेले कोठे? उत्तर असे, की पंखाला टोकदार शेवट नाही. टोक छाटलेले आहे. म्हणजे आपल्या त्रिकोणाच्या मागे, पूर्ण पंखविस्ताराइतकी लांब अशी एक आयताकृती पट्टी आहे. ३.३ ला ७.१५४ ने भागा. पट्टीची रुंदी ०.४६ मीटर आली. हीच पंखाच्या छाटलेल्या टोकाची रुंदी. विमान न पाहता, मोजपट्टी न लावता आपण ती काढली. (नववी-दहावीच्या शिक्षकांनी त्रिकोणमिती शिकविताना हे उदाहरण जरूर घालावे, झाडाची उंची मोजून मुले कंटाळलेली असतात.)

सर्व मापांना ७२ ने भागले की पुठ्ठ्यावर काढायचे आकडे मिळतात. पंखविस्तार ९९.४ मिलिमीटर, मध्यरेषेवरील रुंदी ८३ मिलिमीटर, टोकाची रुंदी ६.४ मिलिमीटर. ८३ मधला काही भाग धडाच्या आत लपणार हे लक्षात असू द्या. आणखी एक गोष्ट. मिगचे पंख समोरून पाहिल्यास अगदी आडवे नाहीत. ते २ अंशांनी खाली झुकलेले आहेत. २ अंश म्हणजे काहीच नाही असे वाटेल. पण ५० मिलिमीटर लांबीत टोक पावणेदोन मिलिमीटर खाली येते, आणि डोळ्याला तेवढे पुरते. पंख सपाट चिकटवले की सगळे माप बरोबर असूनही विमान मिगसारखे दिसत नाही. काय चुकले ते मात्र पाहणाऱ्याला सांगता येत नाही.

धड लाकडाचे करावे. सावंतवाडीची खेळणी ज्या पांगाऱ्याच्या लाकडाची करीत आले आहेत ते हलके व कोरायला मऊ असते. ते न मिळाले तर सुताराकडून कोणत्याही मऊ लाकडाचा तुकडा घ्यावा. नाकावरची नळी सोडली तर धड सुमारे २० सेंटिमीटरचे होईल. वरून, बाजूने व समोरून दिसणारी चित्रे कागदावर काढून घ्या, ती लाकडावर डकवा आणि मग कानसा. समोरच्या तोंडातील सुळका मात्र नीट मध्यावर बसवा. तो केवळ शोभेचा नाही. ध्वनीहून अधिक वेगाने येणारी हवा तशीच आत शिरली तर एंजिनाच्या पात्यांना ती झेपत नाही. सुळक्याच्या अणीपाशी आघात-तरंग निर्माण होतात, त्यांतून जाताना हवेचा वेग उतरतो, आणि मगच ती आत जाते. वेग वाढला की हा सुळका पुढे सरकत असे. त्याच्या पोटात रडारही बसविलेले असे. आपली प्रतिकृती जमिनीवर उभी आहे, म्हणून सुळका मागे ओढलेला दाखवावा.

इथवर सर्व सरळ भागाकार होता. खरी अडचण जाडीची आहे. साधा कागद सुमारे ०.१ मिलिमीटर जाड असतो. बहात्तरने गुणा: ७.२ मिलिमीटर. म्हणजे कागदाचा एक थर दिला तरी मूळ विमानावर सव्वासात मिलिमीटर जाडीचा पत्रा ठोकल्यासारखे झाले! विमानाचा खरा पत्रा पुष्कळ ठिकाणी एखाद्या मिलिमीटरच्या आसपासच असतो. ब्रशने दिलेला रंगाचा एक हात ०.०५ मिलिमीटर धरला, तर तो साडेतीन मिलिमीटरचा गिलावा ठरतो. दोन पत्र्यांमधील सांधा दाखविण्यासाठी सुईने ०.३ मिलिमीटरची रेघ ओढली, तर मूळ विमानात ती २१ मिलिमीटरची फट होईल. तीत बोट जाईल. दुकानातल्या पुष्कळशा प्रतिकृतींवर असे चर खणलेले असतात. मला ते पाहवत नाहीत.

मग किती तपशील दाखवावा? याला उत्तर आहे, आणि ते आपल्या डोळ्यात आहे. निरोगी डोळ्याला अंशाच्या साठाव्या भागाएवढा कोन करणारे दोन ठिपके जेमतेम वेगळे दिसतात. प्रतिकृती आपण ३० सेंटिमीटरवरून पाहतो. त्या अंतरावर हा कोन ०.०८७ मिलिमीटरचा होतो. मूळ विमानाच्या मापात म्हणायचे तर २१.६ मीटरवरून सव्वासहा मिलिमीटर. त्याहून बारीक गोष्टी वेगळ्या उमटत नाहीत. तीन-चार मिलिमीटर डोक्याचा एकटा रिव्हेट त्या अंतरावरून वेगळा दिसणार नाही. त्याची प्रतिकृती करणे म्हणजे न दिसणारे दाखविणे होय. रिव्हेटांची ओळ मात्र फिकट रेघेसारखी जाणवते. तेव्हा कठीण पेन्सिलीची हलकी रेघ काढावी आणि थांबावे.

पत्र्याच्या जाडीवर एक सुंदर तोड आहे. मिगच्या सुरुवातीच्या काळात आपली अनेक विमाने उघड्या धातूची, रुपेरी असत. पोळ्या गुंडाळायचा ॲल्युमिनियमचा पातळ कागद घ्या. तो सुमारे ०.०१५ मिलिमीटर जाड असतो. बहात्तरने गुणा. १.०८ मिलिमीटर! म्हणजे स्वयंपाकघरातला तो कागद योग्य धातूचा तर आहेच, पण प्रमाणातही बसतो. डिंक किंवा खळ पातळ लावून तो पंखांवर पत्र्यांच्या आकाराचे तुकडे करून चिकटवा. शेजारच्या तुकड्यांची चकाकीची दिशा थोडी बदलली की सांधे आपोआप दिसू लागतात. रेघ ओढावीच लागत नाही. १९७१ च्या युद्धाच्या सुमारास यांतील बऱ्याच विमानांवर तळावरच्या माणसांनी हाताने रंगाचे पट्टे मारले होते. तसे करायचे असेल तर याच कागदावर पातळ रंगाचा एकच हात द्यावा. खुणेच्या वर्तुळात बाहेरून आत केशरी, पांढरा, हिरवा असा क्रम असतो. तो उलटा काढू नका.

गडद हिरवा रंग मूळ छटेत लावला तर खोलीत तो काळपट दिसतो. हा दोष रंगाचा नव्हे, उजेडाचा. दुपारच्या उन्हात एक लाख लक्सपर्यंत प्रकाश असतो, तर घरातल्या टेबलावर काही शे. म्हणून रंगात थोडा पांढरा मिसळावा. फोटो काढायचा असेल तर विमान अंगणात न्या. उन्हातल्या सावलीच्या कडा प्रमाणात बरोबर येतात, कारण सूर्य मूळ विमानासाठी आणि प्रतिकृतीसाठी सारखाच, अर्ध्या अंशाचा, असतो. ट्यूबलाइट ते करू शकत नाही.

आता तराजू आणा. भरलेल्या मिगचे वस्तुमान सुमारे ८,७०० किलोग्रॅम. लांबी ७२ पट कमी झाली की क्षेत्रफळ ७२ × ७२ म्हणजे ५,१८४ पट कमी होते आणि घनफळ ३,७३,२४८ पट. भागाकार केला तर २३ ग्रॅम येतात. तुमचे विमान याहून जड भरले, तर त्याची सरासरी घनता खऱ्या मिगपेक्षा जास्त आहे. लाकडाचे असूनही! आणि त्याची चाके-पाय काडीएवढे असले तरी मोडणार नाहीत, कारण पायाचे बळ त्याच्या छेदाच्या क्षेत्रफळावर ठरते, आणि भार घनफळावर. हा मुद्दा गॅलिलिओने १६३८ सालच्या आपल्या ग्रंथात मांडला होता.

याच हिशेबाचा दुसरा भाग गंभीर आहे. पंखाखालची उचल पंखाच्या क्षेत्रफळावर आणि वेगाच्या वर्गावर अवलंबून असते. ८,७०० किलोग्रॅम भार आणि २३ चौरस मीटर पंख, म्हणजे दर चौरस मीटरवर सुमारे ३८० किलोग्रॅम. एवढा भार तोलायचा तर वेग हवाच. म्हणून मिग जमिनीवर टेकताना ताशी ३०० किलोमीटरच्या आसपास धावत असे. एवढ्या वेगात वैमानिकाला विचार करायला क्षणच मिळतात. या विमानाच्या अपघातांत अनेक तरुण वैमानिक गेले. कारणे अनेक होती, पण ध्वनीला मागे टाकण्यासाठी केलेला हा लहान त्रिकोणी पंख उतरताना माफ करीत नसे, हे त्यांपैकी एक.

आपल्या २३ ग्रॅमच्या मिगला किती वेग लागेल? भार घनफळाच्या प्रमाणात, पंख क्षेत्रफळाच्या प्रमाणात. म्हणून वेगाचा वर्ग लांबीच्या प्रमाणात बदलतो. ७२ चे वर्गमूळ साडेआठ. ताशी ३०० ला साडेआठने भागले की ताशी ३५ किलोमीटर. हाताने फेकता येईल असा वेग! पण फेकून पाहिले तर विमान हिशेबाइतके तरंगत नाही. लहान आणि संथ वस्तूला हवा अधिक चिकट भासते. वेग गुणिले लांबी हा गुणाकार इथे सहाशे पटींनी कमी झाला आहे. प्रतिकृतीवरून खऱ्या विमानाचे भाकीत करताना अभियंत्यांना नेमकी हीच अडचण येते. बंगलोरच्या राष्ट्रीय वैमानिकी प्रयोगशाळेत १९६७ साली सुरू झालेल्या वातविवरात हवा दाबाखाली ठेवून सोडतात, त्याचे हेही एक कारण. आणि आपल्या मारुत विमानाच्या वेळी तर अभियंत्यांनी वेगळाच मार्ग धरला. मूळ मारुत १९६१ साली उडाले, पण त्याआधी १९५९ मध्ये त्याच आकाराचे, पूर्ण मापाचे, बिनएंजिनाचे लाकडी विमान करून दुसऱ्या विमानाने ओढून उडवून पाहिले. एकास एक प्रमाणाची प्रतिकृती!

नाकावरची लांब नळी सर्वांत शेवटी बसवा. तीत समोरून येणाऱ्या हवेचा दाब मोजून वैमानिकाला वेग कळतो. विमानाने हवा ढवळण्याआधी तिला गाठायचे म्हणून ती इतकी पुढे काढलेली असते. शिवणाची बारीक सुई त्यासाठी चांगली. भोक आधी पाडून ठेवा, सुईची अणी आत आणि नेढे कापून बोथट केलेले टोक बाहेर राहू द्या. नाहीतर विमान पाहायला येणाऱ्या पहिल्याच पाहुण्याच्या बोटात ती जाईल.