योगाची निवड श्रमानुसार हवी

संयुक्त राष्ट्रसंघाने ११ डिसेंबर २०१४ रोजी २१ जून हा आंतरराष्ट्रीय योगदिन म्हणून मान्य केला आणि २०१५ पासून तो जगभर साजरा होऊ लागला. चंद्रपूर व गडचिरोली या वनजिल्ह्यांत मात्र हा दिवस काहीशा अडचणीच्या वेळी येतो. उन्हाच्या तीव्रतेमुळे विदर्भातील शाळा उर्वरित महाराष्ट्राच्या मागाहून, अलीकडच्या वर्षांत तर २१ जून उलटल्यावरच, उघडत आल्या आहेत. शेतकरी कुटुंबे त्या सुमारास धानाचे पऱ्हे टाकण्याच्या घाईत असतात. परिणामी पुष्कळदा कार्यक्रम पार पडतो, छायाचित्र निघते, अहवाल रवाना होतो आणि दुसऱ्या दिवशी सतरंज्या गुंडाळल्या जातात. दिवस पाळण्यात गैर काहीच नाही. परंतु योग ही वर्षातून एकदा साजरी करावयाची गोष्ट नव्हे. आणि सर्वांची शरीरे एकाच साच्यात बसविण्याची तर नव्हेच नव्हे.

आपल्या परंपरेने असा एकच साचा कधी मानला नाही. पतंजलींच्या आठ अंगांपैकी आसन हे केवळ एक अंग असून, ते स्थिर व सुखकर असावे एवढीच त्यांची अपेक्षा आहे. हठप्रदीपिकेत १५ आसने सांगितली आहेत, तर घेरंडसंहितेत ३२. आधुनिक महाराष्ट्रातही अनेक वाटा निघाल्या. औंधच्या पंतप्रतिनिधींनी सूर्यनमस्कारांचा प्रसार केला. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापून उड्डियान, नौली यांसारख्या क्रियांच्या वेळी पोटातील दाब मोजण्यापर्यंत योगाला प्रयोगशाळेत नेले. पुण्यात अय्यंगार गुरुजींनी दोर, पट्टे, खुर्ची, घोंगडी यांच्या आधाराने वृद्धांना व रुग्णांनाही आसने साधतील अशी पद्धती सिद्ध केली. त्यांची संस्था १९७५ पासून कार्यरत आहे. विदर्भात नागपूरच्या जनार्दनस्वामींनी योगशिक्षण विनामूल्य घरोघर पोहोचविले. चिमूर तालुक्यातील गोंदेडा ही ज्यांची तपोभूमी मानली जाते, त्या राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी सामुदायिक ध्यान व प्रार्थना यांना खेड्याच्या नित्यक्रमात स्थान दिले. डोळे मिटून काही काळ स्वस्थ बसणे हाही योगाभ्यासच होय, हे या भागातील माणसाला नव्याने सांगावे लागत नाही.

मग यांतील काय कोणी करावे? त्याचे उत्तर माणसाच्या दिवसभराच्या कामात शोधले पाहिजे. कचेरीतील लिपिक सात-आठ तास खुर्चीत बसतो. त्याचे खांदे पुढे झुकतात, पाय आखडतात. त्याला चालणे, ताडासन, सूर्यनमस्कार, पाठीला ताण देणारी आसने उपयोगी पडतील. दिवसभर उभे राहून बोलणाऱ्या शिक्षकाला पायांना विसावा आणि संथ श्वसन हवे. परीक्षेच्या धास्तीने झोप उडालेल्या विद्यार्थ्याला अवघड आसनांपेक्षा शवासन आणि दहा मिनिटांचे ध्यान अधिक हितकर ठरेल.

परंतु या दोन जिल्ह्यांतील बहुसंख्य शरीरे खुर्चीत बसत नाहीत. चैत्रात मोहफुले वेचणारी, मे महिन्याच्या उन्हात तेंदूपत्ता तोडणारी आणि आषाढ-श्रावणात चिखलात उभी राहून रोवणी करणारी स्त्री तासन्‌तास कमरेत वाकलेली असते. तिला पुन्हा पुढे वाकण्याची आसने शिकविणे म्हणजे दुखऱ्या कमरेवर आणखी भार टाकणे होय. तिला हवे ते उलट दिशेचे हलके वळण, भुजंगासनासारखे. आणि त्याहूनही अधिक हवी ती विश्रांती. पोटभर अन्न, रक्तवाढीच्या गोळ्या आणि कामात मध्ये विसावा यांची सोय न करता तिला व्यायामाचा उपदेश करणे ही क्रूर थट्टा ठरेल.

लाभांविषयीही तारतम्य बाळगावे. अमेरिकेतील डॉ. डीन ऑर्निश यांनी १९९० मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात योगासने व ध्यान यांच्या जोडीला स्निग्धांश अत्यल्प असलेला शाकाहार, धूम्रपानत्याग व चालणे हे सारे होते. एका वर्षानंतर रुग्णांच्या हृदयवाहिन्यांतील अडथळे सरासरीने किंचित कमी झाल्याचे आढळले. गडचिरोलीत आरोग्यकार्य करणाऱ्या डॉ. अभय बंग यांचे ‘माझा साक्षात्कारी हृदयरोग’ हे पुस्तकही आहार, चालणे, योग आणि ध्यान यांनी मिळून बदललेल्या जीवनाचीच कहाणी सांगते. श्रेय एकट्या आसनाचे नव्हे, समग्र जीवनक्रमाचे आहे. जुनाट कंबरदुखीवर औषधांपूर्वी करून पाहावयाच्या उपायांत अमेरिकेतील वैद्यकतज्ज्ञांच्या संघटनेने २०१७ मध्ये योगाचा समावेश केला, हेही उल्लेखनीय होय. मात्र मलेरियाचा ताप प्राणायामाने उतरत नाही. त्यासाठी रक्ततपासणी आणि औषधच हवे. सिकलसेलच्या रुग्णाने दमछाक व तहान टाळली पाहिजे. उच्च रक्तदाब असलेल्याने श्वास रोखणे व शीर्षासन वैद्यांच्या सल्ल्यावाचून करू नये.

तेव्हा करावयाचे ते साधे आहे. योगदिनाचा कार्यक्रम व्हावा. पण खरा प्रारंभ शाळा उघडल्यावर व्हावा आणि आठवड्याच्या वेळापत्रकात त्याला कायमची वीस मिनिटे मिळावीत. शिक्षकांना आसनांच्या नावांपेक्षा कोणते आसन कोणास वर्ज्य आहे, हे आधी शिकवावे. उन्हाळ्यात अभ्यास सूर्योदयापूर्वीच उरकावा. गावातील स्त्रियांसाठी वर्ग भरवावयाचा तर त्यांच्या सवडीची वेळ त्यांनाच विचारावी, कचेरीच्या सोयीने ठरवू नये.

स्थिरता आणि सुख ही आसनाची जुनी कसोटी आहे. वाकून वाकून थकलेल्या पाठीला ज्या अभ्यासाने सुख लाभते, तोच तिचा योग; मग त्याचे छायाचित्र निघो वा न निघो.