ताप गेला, पण मलेरिया गेला का?

पावसाळ्यातलं होस्टेल म्हणजे चहा, भजी आणि कुठल्या तरी रूममधून येणारी ‘थंडी वाजतेय रे’ अशी हाक. यंदा ती हाक माझ्या रूममेटची होती. रिपोर्ट आला : व्हायव्हॅक्स मलेरिया. डॉक्टरांनी प्रायमाक्विनचा १४ दिवसांचा कोर्स दिला. चौथ्या दिवशी ताप उतरला आणि पठ्ठ्या म्हणतो, ‘बरा झालो यार, आता गोळ्या कशाला?’

उत्तर शोधायला बसलो आणि थेट जनुकांपर्यंत पोचलो.

मलेरियाच्या परजीवींपैकी सर्वांत जीवघेणा फॅल्सिपॅरम. त्याचा जीनोम २००२ मध्ये वाचून झाला. सुमारे ५,३०० जनुकं सापडली, पण निम्म्याहून जास्त जनुकं नेमकं काय करतात, हेच माहीत नव्हतं. मग शोधायचं कसं? बाइकचा एकेक पार्ट काढून बघा. आरसा काढला तरी गाडी पळते, स्पार्क प्लग काढला की जागेवर थांबते. तसंच एकेक जनुक बिघडवायचं आणि परजीवी जगतो का, ते बघायचं.

२०१८ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी हेच केलं. ‘पिगीबॅक’ हा मुळात एका पतंगात सापडलेला, उड्या मारणारा डीएनएचा तुकडा. तो परजीवीच्या जीनोममध्ये कुठेही घुसवून त्यांनी ३८ हजारांहून जास्त म्युटंट तयार केले. ज्या जनुकात बिघाड झालेला एकही परजीवी जिवंत सापडत नाही, ते जनुक त्याच्यासाठी अत्यावश्यक! रक्तात वाढण्यासाठी अशी २,६८० जनुकं लागतात, असं दिसलं. नवीन औषधांचा नेम इथेच धरायचा.

पण हे सगळं फॅल्सिपॅरमचं. तो १९७६ पासून लॅबमध्ये माणसाच्या रक्तात वाढवता येतो. व्हायव्हॅक्सला मात्र अगदी कोवळ्या लाल पेशीच लागतात, त्यामुळे तो लॅबमध्ये फार काळ टिकत नाही. त्यात तो यकृतात झोपून राहतो आणि काही आठवड्यांनी, कधी महिन्यांनी पुन्हा उठतो.

म्हणून शास्त्रज्ञांनी त्याचा माकडांमधला भाऊबंद गाठला : सायनोमोल्गाय. तोही यकृतात झोपतो. त्याच्यात चमकणाऱ्या प्रथिनाचं जनुक घातलं, की झोपलेला परजीवीही मायक्रोस्कोपखाली ओळखू येतो.

हे सगळं रूममेटला वाचून दाखवलं. म्हणालो, ‘तुझा ताप गेलाय, पाहुणा अजून आत झोपलाय.’ त्याने गुपचूप गोळी घेतली. तरी उरलेल्या दहा दिवसांचा अलार्म मी माझ्या मोबाइलवर लावलाय.