तिसऱ्या जागेवरचा ‘के’

हातातले काम क्षणभर बाजूला ठेवून एक छोटा खेळ खेळून पाहा. ‘के’ या अक्षराने सुरू होणारे इंग्रजी शब्द आठवा. किंग, काइट, किचन, किक... शब्द भराभर येतात. आता असे शब्द शोधा, ज्यांच्या स्पेलिंगमध्ये ‘के’ तिसऱ्या जागेवर आहे. इथे बहुतेक जण अडखळतात. लाइक, मेक, टेक, केक, बाइक, आस्क हे सगळे रोजच्या वापरातले शब्द, तरी ते सापडायला वेळ लागतो.

आमोस ट्वर्स्की आणि डॅनियल कानेमन या इस्रायली मानसशास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात १५२ जणांना असाच प्रश्न विचारला होता. के, एल, एन, आर आणि व्ही ही पाच अक्षरे इंग्रजी शब्दांत पहिल्या जागेवर जास्त वेळा येतात की तिसऱ्या? १०५ जणांनी यातल्या बहुतेक अक्षरांसाठी ‘पहिल्या’ असे उत्तर दिले. ते चुकले. ही पाचही अक्षरे मुद्दाम निवडलेली होती आणि ती तिसऱ्या जागेवरच जास्त वेळा येतात.

चूक भाषेच्या ज्ञानाची नव्हती, शोधण्याच्या पद्धतीची होती. आपली स्मृती शब्द पहिल्या अक्षरावरून काढते. अंताक्षरीत ‘म’ आला की गाणी सुचतात, पण ‘म’ तिसऱ्या जागी असलेले गाणे म्हणायला सांगितले तर अख्खी बैठक गप्प होईल. जे पटकन आठवते तेच जास्त प्रमाणात असते, असा मेंदू परस्पर निष्कर्ष काढतो. पुढे कानेमन यांना २००२ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले, ते माणसाच्या अशाच निर्णयप्रक्रियेवरील कामासाठी.

शब्दखेळात ही चूक झाली तर काही बिघडत नाही. तापाच्या रुग्णाबाबत झाली तर बिघडते.

पावसाळ्यात सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत तापाच्या रुग्णांची रांग लागते. डॉक्टरांनी सकाळपासून डेंग्यूचे दहा रुग्ण पाहिलेले असतात, वर्तमानपत्रात डेंग्यूच्याच बातम्या असतात. अकराव्या रुग्णाला ताप, अंगदुखी, डोकेदुखी आहे आणि रक्ततपासणीत प्लेटलेट कमी आहेत. डेंग्यू हे नाव ‘के’ने सुरू होणाऱ्या शब्दासारखे आपोआप ओठांवर येते. बहुतेक वेळा ते बरोबरही असते.

पण प्लेटलेट फक्त डेंग्यूतच कमी होत नाहीत. मलेरिया, लेप्टोस्पायरोसिस आणि स्क्रब टायफस या आजारांतही त्या घसरतात. फरक असा, की डेंग्यूवर थेट काम करणारे औषध नाही, तर या तिन्हींवर आहे, आणि ते वेळेत मिळाले तर जीव वाचतो. लेप्टोचे जंतू उंदरांच्या मूत्रातून साचलेल्या पाण्यात येतात. २००५च्या जुलैतील महापुरानंतर मुंबईने त्याची साथ पाहिली. अशा रुग्णाच्या पोटऱ्या दुखतात, डोळे लाल होतात. स्क्रब टायफस गवता-झुडपांतल्या अतिसूक्ष्म किडीच्या चाव्यातून होतो. २०१८ मध्ये नागपूर आणि विदर्भात त्याचे बरेच रुग्ण आढळले. चाव्याच्या जागी सिगारेटचा चटका बसल्यासारखी काळी खपली धरते. ती दुखत नाही, त्यामुळे रुग्ण ती सांगत नाही. ती बहुधा काखेत, जांघेत किंवा कमरपट्ट्याखाली असते. पडद्याआड नेऊन मुद्दाम पाहिल्याशिवाय दिसत नाही. काही रुग्णांत तर ती नसतेच.

डॉक्टरांच्या मनावर ताज्या आठवणींचा किती पगडा असतो, हे नेदरलँड्समधील रॉटरडॅम येथे तपासले गेले. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ३६ निवासी डॉक्टर होते. आधी त्यांना काही रुग्णांची माहिती निदानासह दाखवली. नंतर वरवर तशाच दिसणाऱ्या, पण वेगळा आजार असलेल्या रुग्णांचे निदान करायला सांगितले. दुसऱ्या वर्षाचे डॉक्टर आधी पाहिलेल्या निदानाकडे अधिक झुकले, म्हणजे थोडा अनुभव गाठीशी असलेलेच जास्त फसले. मग त्यांना पुन्हा विचार करायला लावले: या निदानाच्या बाजूने काय आहे, विरोधात काय आहे, आणखी कोणता आजार असू शकतो? एवढे केल्यावर निदानातली अचूकता वाढली.

गर्दीच्या ओपीडीत एका रुग्णाच्या वाट्याला काही मिनिटेच येतात. म्हणूनच रुग्ण आणि नातेवाइकांनी दिलेली माहिती मोलाची ठरते. गेल्या दोन-तीन आठवड्यांत शेतात, गवतात किंवा जंगलात जाणे झाले होते का, साचलेल्या पाण्यातून चालावे लागले का, पायाला जखम होती का, अंगावर कुठे खपली किंवा चट्टा आहे का, कोणती औषधे आधी घेतली, हे न विचारताही सांगावे. लाज वाटेल अशा जागी असेल तरी सांगावे. मलेरियाची पहिली तपासणी निगेटिव्ह आली आणि ताप कायम राहिला, तर ती पुन्हा करावी लागू शकते. ‘डेंग्यूच आहे, उतरेल’ म्हणून घरी थांबू नये. धाप लागणे, लघवी कमी होणे, डोळे पिवळे होणे, सतत उलट्या, पोटात तीव्र वेदना, रक्तस्राव किंवा गुंगी यांपैकी काहीही दिसले तर तातडीने रुग्णालय गाठावे. प्रतिजैविके मात्र स्वतःहून सुरू करू नयेत.

आणि डॉक्टरांना एक प्रश्न नम्रपणे जरूर विचारावा, ‘डॉक्टर, आणखी काय असू शकतं?’ चांगल्या डॉक्टरला त्याचा राग येत नाही. तो पुन्हा एकदा रुग्णाकडे पाहतो, आणि कधी कधी काखेतली ती काळी खपली तेव्हाच दिसते.