अनुयायांची गणना आणि मतदारांची यादी

महानगरपालिकेच्या वा जिल्हा परिषदेच्या निवडणुका जाहीर झाल्या की, कोणत्या उमेदवाराचे इन्स्टाग्रामवर किती फॉलोअर्स आहेत याचे तक्ते हातोहात फिरू लागतात, आणि ज्याचा आकडा मोठा त्याचे पारडे जड, असा निष्कर्ष एरवी चिकित्सक असणारी माणसेही निःशंकपणे काढून मोकळी होतात.

या निष्कर्षाच्या मुळाशी असलेला सर्वांत रूढ गैरसमज असा की, अनुयायी म्हणजेच मतदार. वस्तुतः मतदाराला हद्द असते आणि अनुयायाला ती नसते. मुंबई महानगरपालिकेचे प्रभाग 227. 2017 साली त्यांतील प्रत्येकात सरासरी सुमारे 40 हजार मतदार होते. ज्याचे नाव त्या प्रभागाच्या यादीत दाखल आहे, ज्याने वयाची 18 वर्षे पुरी केली आहेत आणि जो मतदानाच्या दिवशी केंद्रावर प्रत्यक्ष रुजू होतो, त्याचेच मत मोजले जाते. इन्स्टाग्रामवर मात्र 13 वर्षांच्या मुलालाही खाते उघडता येते. शेजारच्या प्रभागातला रहिवासी, परमुलखातला आप्त, बातमीच्या शोधातला वार्ताहर, इतकेच नव्हे तर प्रतिपक्षाचा पाळतीवरचा कार्यकर्ता, हे सारे त्याच एका आकड्यात सामावलेले असतात. 2024 च्या विधानसभा निवडणुकीत वर्सोवा मतदारसंघातून उभे राहिलेले अभिनेते एजाज खान यांचे इन्स्टाग्रामवर 50 लाखांहून अधिक अनुयायी होते. त्यांना मते पडली 155. याउलट 2017 साली मुंबईच्या 220 क्रमांकाच्या प्रभागात दोन उमेदवारांची मते समसमान झाली आणि निकाल ईश्वरचिठ्ठीने लावावा लागला. जिथे एका मताने जय-पराजय ठरू शकतो, तिथे हद्दीबाहेरच्या लाखोंच्या कौतुकाचा उपयोग शून्य.

मुंबईबाहेरच्या महानगरपालिकांत आणखी एक गुंतागुंत आहे. 2017 साली पुण्यात बहुतेक प्रभाग चार सदस्यांचे होते. अशा ठिकाणी मतदार एकाच वेळी अनेक जागांसाठी मते देतो, पक्षाचे चिन्ह आणि पॅनेल यांचा विचार करतो, आणि एकट्या उमेदवाराची लोकप्रियता त्यातून वेगळी काढणे दुरापास्त होते.

आकडा प्रचंड असला की त्यातील दोष आपोआप धुऊन निघतात, हा दुसरा भ्रम अधिक जुना आहे. 1936 साली अमेरिकेतील ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाने सुमारे 1 कोटी मतपत्रिका टपालाने धाडल्या, 20 लाखांहून अधिक परत आल्या, आणि त्यांच्या आधारे अध्यक्षपदाच्या निवडणुकीत रिपब्लिकन उमेदवार लँडन यांच्या विजयाचे भाकीत केले. प्रत्यक्षात त्यांचे प्रतिस्पर्धी रूझवेल्ट यांनी 48 पैकी 46 राज्ये जिंकली. नावे प्रामुख्याने दूरध्वनीच्या आणि मोटारमालकांच्या याद्यांतून घेतली असल्यामुळे, आणि उत्तर देण्याची तसदी ठराविक लोकांनीच घेतल्यामुळे, संख्या मोठी असूनही ती जनतेचे प्रतिनिधित्व करीत नव्हती. जर्मनीतील 2009 च्या निवडणुकीबाबतही, ट्विटरवरील उल्लेखांचे प्रमाण पक्षांच्या मतांशी जुळते, असे प्रतिपादन झाले होते. परंतु त्या गणनेतून वगळलेला पायरेट पक्ष हिशेबात धरताच उल्लेखांत तोच अग्रस्थानी असल्याचे अन्य संशोधकांनी दाखवून दिले. त्या पक्षाला पडलेली मते होती 2 टक्के.

अनुयायी विकत मिळतात, हे तर उघडच आहे. असा व्यापार करणाऱ्या ‘देवुमी’ या अमेरिकी कंपनीवर तेथील व्यापार आयोगाने 2019 साली कारवाई केली.

म्हणून समाजमाध्यमे निरुपयोगी ठरतात असे मात्र नव्हे. पाणी, कचरा, रस्ते यांविषयी रहिवाशांनी लिहिलेल्या तक्रारींना उमेदवार निवडणुकीपूर्वीच्या वर्षांत उत्तर देत होता की केवळ हारतुऱ्यांची छायाचित्रे लावीत होता, हे तेथे स्वच्छ दिसते, आणि माझ्या मते पाहण्याजोगे तेवढेच आहे. याखेरीज प्रत्येक उमेदवाराला नामनिर्देशनपत्रासोबत मालमत्ता, देणी आणि फौजदारी प्रकरणे यांचे शपथपत्र द्यावे लागते. मतदारांनी फॉलोअर्सचा तक्ता बाजूला ठेवून, मतदानापूर्वी आपल्या प्रभागातील उमेदवारांची ती शपथपत्रे अवश्य वाचावीत.