वसंतसंपात आणि आपले सणवार

२०२५ साली ३० मार्चला गुढीपाडवा आणि ३१ मार्चला रमजान ईद अशी गाठ पडली. सकाळी गुढ्या उभ्या राहिल्या आणि त्याच दिवशी सायंकाळी लोक पश्चिमेकडे चंद्रकोर शोधू लागले. पुष्कळांना या योगायोगाचे नवल वाटले. वस्तुतः त्यात नवल करण्याजोगे काही नव्हते. २९ मार्चला अमावास्या झाली. त्या एकाच अमावास्येने फाल्गुन संपून चैत्र लागला आणि रमजान संपून शव्वाल लागला. पंचांगातील प्रतिपदा गणिताने ठरते, शव्वालची पहिली तारीख कोर डोळ्यांनी दिसल्यावर ठरते. एका दिवसाचे अंतर पडले ते एवढ्यामुळेच. चंद्र दोघांचा एकच होता.

पुढे मात्र वाटा फुटतात. पाडवा वसंत ऋतू सोडून कधी जात नाही, आणि ईद तर कधी भर पावसात, कधी थंडीत, कधी वैशाखवणव्यात येते. हे असे का होते, हे नीट ठाऊक नसल्यामुळे दोन प्रकारचे बोल आपल्या कानी येतात. आपल्यातील काहीजण म्हणतात, शिमगा-पाडवा ही मूर्तिपूजकांची जुनी चाल, तिच्याशी आपल्याला काय कर्तव्य? दुसरीकडून म्हणतात, तुमच्या पंचांगाला ऋतूच ठाऊक नाहीत, तुमचे सण नुसते भटकतात. मोठी माणसे घरात बोलतात आणि मुले तेच वर्गात एकमेकांना ऐकवतात. मग शिक्षकांना ते निस्तरावे लागते. दोन्ही बोल अर्धवट माहितीचे आहेत, असे आमचे स्पष्ट मत आहे. ते का, हे ट्रस्टच्या सभासदांपुढे व त्यांच्या कुटुंबीयांपुढे मांडावे, एवढ्यासाठी हा लेख.

प्रथम मूळ गोष्ट पाहू. वर्षातून दोनदा सूर्य बरोबर विषुववृत्तावर येतो. त्यांपैकी मार्चच्या २० किंवा २१ तारखेस येणारा तो वसंतसंपात. त्या दिवशी सूर्य अगदी पूर्वेस उगवतो व अगदी पश्चिमेस मावळतो. दिवस आणि रात्र समान, असे आपण पाठ करतो खरे. पण घड्याळ लावून पाहिले तर आपल्या भागात त्या दिवशी दिवस बारा तासांहून सुमारे ७ मिनिटांनी मोठा भरतो. हवेत किरण वाकतात, त्यामुळे सूर्य क्षितिजाखाली असतानाच दिसू लागतो. शिवाय उदय आपण बिंबाच्या वरच्या कडेपासून धरतो, मध्यापासून नव्हे. खरी बरोबरी आपल्याकडे आठवडाभर आधीच होऊन गेलेली असते.

आता गंमत अशी, की या दिवसाचा असा स्वतंत्र सण आपल्याकडे नाहीच. होळी फाल्गुनी पौर्णिमेची, पाडवा चैत्र शुद्ध प्रतिपदेचा. दोन्ही तिथी चंद्राच्या. कोल्हापूरच्या अंबाबाईचा किरणोत्सव पाहायला आपल्याकडून लोक जातात व तो संपाताशी जोडतात, परंतु तो जानेवारीअखेर-फेब्रुवारीच्या आरंभी आणि नोव्हेंबरात होतो. त्याचा संपाताशी संबंध नाही. तरीही होळी आणि पाडवा हे वसंतसंपाताच्या आसपासच राहतात. म्हैस खुंट्याला दाव्याने बांधली म्हणजे ती खुंट्यावर उभी राहत नाही, पण दाव्याच्या लांबीपलीकडेही जात नाही, तसे हे आहे. पाडवा २०२३ साली २२ मार्चला, २०२४ साली ९ एप्रिलला, २०२५ साली ३० मार्चला आला, आणि २०२६ सालचा १९ मार्चचा. दावे आहे अधिक महिन्याचे. चंद्राच्या बारा महिन्यांचे दिवस ३५४, ऋतूंच्या वर्षाचे सुमारे सव्वातीनशे पासष्ट. दरसाल अकरा दिवसांची तूट येते. ती साठत गेली की सुमारे साडेबत्तीस महिन्यांनी एक जादा महिना घालून भरून काढतात. २०२३ साली अधिक श्रावण आला, म्हणूनच पुढचा पाडवा एकदम एप्रिलात गेला.

आपल्या शेजारी लोंढ्याकडची ख्रिस्ती कुटुंबे ईस्टर पाळतात, त्याचीही रीत याच जातीची. २१ मार्च रोजी अगर त्यानंतर येणाऱ्या पहिल्या पौर्णिमेनंतरचा रविवार तो ईस्टर. सूर्य, चंद्र आणि वार अशा तीन गाठी त्यात मारल्या आहेत.

हिजरी सनाने मात्र हे दावे समजून-उमजून सोडले. अरबांतही महिने मागेपुढे सरकवण्याची 'नसी' नावाची चाल होती. कुराण शरीफात, सूरे तौबामध्ये, तिचा निषेध आहे. कारण पवित्र महिने आपल्या सोयीने हलवून लढाईला मोकळीक घेतली जात असे. तेव्हापासून आपले बारा महिने चंद्राचे ते चंद्राचेच, आणि रमजान सुमारे तेहतीस वर्षांत सर्व ऋतूंतून फिरून येतो. त्यामुळे ज्या माणसाला पुरते आयुष्य लाभते तो लहान दिवसांचेही रोजे करतो आणि लांब दिवसांचेही. कोणत्याही एका मुलखाच्या वाट्याला कायमचा कडक उन्हाळा येत नाही. हे भटकणे नव्हे.

परंतु पेरणी आणि शेतसारा हिजरीने चालत नाही, हे मुसलमान राज्यकर्त्यांनाही फार लवकर कळले होते. पीक हाती यायच्या आधीच सारा मागितला तर रयत देणार कोठून? इराणात सुलतान मलिकशाहाने १०७९ साली जलाली कालगणना सुरू केली. तिच्या गणितात उमर खय्याम होता, आणि तिचे वर्ष वसंतसंपातापासून, म्हणजे नवरोजपासून धरीत. अकबराने १५८४ साली काढलेला इलाही सनही नवरोजपासूनच. आजच्या इराणचे सरकारी वर्ष हिजरतीपासून मोजले जाते, पण ते सूर्याचे आहे आणि संपाताच्या क्षणी बदलते. नवरोज तर मुळात इस्लामपूर्व पारशांचा. मुंबईतील पारशी बांधव २१ मार्चला जमशेदी नवरोज करतात. पण त्यांच्यातील बहुसंख्यांचे धार्मिक नववर्ष ऑगस्टात येते, कारण त्यांच्या ३६५ दिवसांच्या वर्षात लीप वर्षाचा दिवस धरीत नाहीत आणि ते हळूहळू सरकत गेले. खुंटा सुटला म्हणजे काय होते, त्याचे हे चांगले उदाहरण आहे.

आणि इराणपर्यंत तरी कशाला जायचे? आदिलशाहीपासून पेशवाईपर्यंतची मराठी कागदपत्रे पाहावीत. त्यांवर सुहूर सन आढळतो: आकडे अरबी, खमस, सीत, सबा असे, आणि वर्षाचा आरंभ मात्र सूर्य मृग नक्षत्रात जातो तेथून. अरबी नावाचा सन, मराठी कागद आणि कुणब्याचे मृग नक्षत्र! आजही आपल्याकडे भाताच्या पेरणीचे बोलणे निघाले की रोहिणी, मृग, आर्द्रा हेच शब्द येतात. शेतकरी हिंदू असो की मुसलमान. उलट रब्बी हा शब्द पाहा. अरबीत 'रबी' म्हणजे वसंत. वसंतात घरी येणारे पीक ते रब्बी, आणि खरीफ म्हणजे शरद, त्या सुमारास हाती येणारे ते खरीप. रबीउल अव्वल या महिन्याच्या नावातही तोच वसंत आहे, जरी तो महिना आता कोणत्याही ऋतूत येत असला तरी.

राहिला 'मूर्तिपूजकांची चाल' हा आक्षेप. इंग्रजीत अशा चालींना पेगन म्हणतात. ज्या लॅटिन शब्दावरून हा शब्द आला त्याचा एक जुना अर्थ खेड्यात राहणारा, असा आहे. त्या अर्थाने गुंजीचे आपण सारेच त्यात आलो! युरोपात आज काही मंडळी संपाताला 'ओस्तारा' नावाचा उत्सव करतात व तो फार प्राचीन असल्याचे सांगतात. आधार पाहू गेले तर बीड नावाच्या इंग्लंडमधील साधूने ७२५ साली लिहिलेल्या ग्रंथात ईओस्त्रे नावाच्या देवतेचा एक त्रोटक उल्लेख आहे. ओस्तारा या नावाने होणारा हल्लीचा उत्सव विसाव्या शतकातला. मागाहून जोडलेले प्राचीनत्व तिकडेही असते.

आपल्या घाटाखालचा शिमगा पाहिला तर मात्र खरोखर जुने काही तरी टिकून आहे, असे वाटते. गोव्यात सत्तरीतील झर्मे गावी चोरोत्सव होतो. त्यात माणसांना मानेपर्यंत जमिनीत पुरल्याचा देखावा असतो. डिचोली-सत्तरीकडे घोडेमोडणी निघते, साळ गावी गडे रात्रभर रानात धावतात. यांत पोथी फारशी नाही. गाव, रान, ढोल आणि विस्तव आहे. पानगळ संपून नवी पालवी फुटण्याचा हा काळ. कोणी कशात भाग घ्यावा व कशात घेऊ नये, हे सांगण्याचा अधिकार आमचा नाही. ते ज्याने त्याने आपल्या धर्माप्रमाणे व आपल्या बुजुर्गांना विचारून ठरवावे. मात्र ज्यात भाग घ्यायचा नाही त्याची माहितीही घ्यायची नाही, हे आम्हांस पटत नाही. होळीसाठी रानातले उभे झाड तोडण्याविषयी मात्र आमची तक्रार आहे. खानापूरच्या जंगलात वाळके लाकूड थोडे नाही.

आणखी एक घोळ आहे. पंचांगातली मेष संक्रांत १४ एप्रिलच्या सुमारास येते. सूर्य मेषेत गेला म्हणजे वसंतसंपात, असे एके काळी बरोबर होते. सतराशे वर्षांपूर्वी दोन्ही एकाच दिवशी येत. पण पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा अतिशय मंद डुलतो, त्यामुळे संपातबिंदू ताऱ्यांमधून सुमारे ७२ वर्षांत एक अंश मागे सरतो. आता चोवीस दिवसांच्या आसपास फरक पडला आहे. मकरसंक्रांत जानेवारीत आणि खरे उत्तरायण २२ डिसेंबरच्या सुमारास, हाही त्याचाच परिणाम. या विषयावर मराठीत सर्वांत मोठे काम एका शिक्षकाने केले, हे सांगताना आम्हांस अभिमान वाटतो. मुरूडचे शंकर बाळकृष्ण दीक्षित, जन्म १८५३, यांनी शिक्षकी पेशा सांभाळून भारतीय ज्योतिषशास्त्राचा इतिहास लिहिला. तो १८९६ साली प्रसिद्ध झाला आणि दोनच वर्षांनी ते वारले. वर्ष ऋतूंना धरून असावे, म्हणजे सायन असावे, या पक्षाचे ते होते. पुढे मेघनाद साहा समितीच्या शिफारशीवरून भारत सरकारने २२ मार्च १९५७ पासून राष्ट्रीय दिनदर्शिका लागू केली. तिचा १ चैत्र २२ मार्चला, लीप वर्षी २१ मार्चला येतो. संपाताला धरून असलेले हे एकच भारतीय सरकारी नववर्ष. राजपत्रावर ते छापतात आणि साजरे कोणीच करीत नाही.

मुलांना हे सारे शब्दांनी सांगण्यापेक्षा काठीने दाखवावे. २१ मार्चला सपाट अंगणात एक मीटर उंचीची सरळ काठी उभी करावी. अकरापासून दोनपर्यंत दर दहा मिनिटांनी सावलीच्या टोकावर खडा ठेवावा. खड्यांची ओळ जवळजवळ सरळ, पश्चिमेकडून पूर्वेकडे जाईल. वर्षातील इतर बहुतेक दिवशी ती वाकडी जाते. सर्वांत आखूड सावली बारा वाजता नव्हे, तर १२ वाजून ३९ मिनिटांच्या सुमारास पडेल, कारण आपले घड्याळ बरेच पूर्वेकडच्या रेखांशाचे आहे. ती सावली बरोबर उत्तरेकडे असेल आणि गुंजीत तिची लांबी सुमारे २८ सेंटिमीटर भरेल. जुने जोशी याच सावलीला पलभा म्हणत. बारा अंगुळांच्या शंकूची आपली पलभा सुमारे ३.३ अंगुळे. आणि मशिदीतील जुने लोक ऐन दुपारच्या या सावलीला साया-ए-अस्ली म्हणत आले आहेत. ती वजा करून उरलेली सावली काठीएवढी झाली की शाफई मताप्रमाणे असरची वेळ लागते, काठीच्या दुप्पट झाली की हनफी मताप्रमाणे. म्हणजे त्या दिवशी आपल्या अंगणात अनुक्रमे १२८ आणि २२८ सेंटिमीटर.